डेड स्टॉकमधली पॅकेजं

“पाखरं मोजायची होती, बाई. वाघ नव्हता मोजायचा.”

साहेब एवढ्या आवाजात ओरडत होते की खालच्या बियाण्याच्या दुकानातला माणूस पायरीवर येऊन वर पाहू लागला. “वाघ असता तर मी समजून घेतलं असतं. भ्यायल्या, झाडावर चढल्या, घरी गेल्या. पण सापळ्यात मेलेलं पाखरू पडलेलं असतं. ते बोटानं मोजायचं आणि मोबाइलवर लिहून पाठवायचं. तेवढ्यासाठीही तुम्ही गेल्या नाहीत. सलग तीन आठवडे.”

“मी गेलती साहेब,” ताई म्हणाली.

“कॉम्प्युटर नाही म्हणते.”

ताईनं मग वाद घातला नाही. खांद्यावरच्या झोळीतून पॉलिथिनची एक फुगलेली पिशवी काढली, साहेबांच्या चहाच्या कपाला लागून ठेवली आणि तिची गाठ सोडली. आत आठवड्याभराचे मेलेले पतंग होते. करडे, चुरगळलेले, एकमेकांना चिकटलेले. वरचा पंखा फुल्लवर होता. पुढे काय झालं ते मी किती वेळा तरी सांगितलं आणि प्रत्येक वेळी पतंग थोडे वाढले, हे कबूल करतो. पण साहेबांच्या मिशीवर, फायलींवर आणि चहाच्या सायीवर पंखांची पूड बसली होती यात तिळमात्र खोटं नाही. वास असा की भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बाईनं नाक मुरडलं.

“मोजा,” ताई म्हणाली.

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. “हे कुठूनही गोळा केले असतील. शुक्रवारी यादी यवतमाळला जाईल. तीन वेळा नाव आलं की काम बंद, हा नियम मी नाही केला. तोवर तुम्ही सापळ्यांकडे जाऊ नका.”

तो मंगळवार होता. ती यादी मी काढलेली होती.

कापसाची ती वाईट वर्षं. गुलाबी बोंडअळीनं सगळ्या जिल्ह्याला शिसारी आणली होती. बोंड बाहेरून असं टवटवीत की कुणी फोटो काढावा, आणि फोडलं की आत काळपट चिकट लगदा, त्यात एक गुलाबी अळी, जणू माहेरी आल्यासारखी निवांत. यावर उपाय म्हणून आमचा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प निघाला. दारव्ह्याला एका जुन्या जिनिंगच्या माडीवर ऑफिस मिळालं. गावोगावच्या वावरांत कामगंध सापळे टांगले. सापळा म्हणजे प्लास्टिकचं नरसाळं, खाली लांब पिशवी आणि वर मादीच्या वासाची एक रबरी गुंडी, जिला सगळे ल्यूर म्हणत आणि वास उडाला की बदलत. नर पतंग त्या वासानं येतो आणि पिशवीत पडून मरतो. आमच्या ताईसारखे सर्वेक्षक दर आठवड्याला ते मोजत आणि मोबाइलवरच्या तक्त्यात भरून मला पाठवत. मी सगळे तक्ते कॉम्प्युटरला खाऊ घाली आणि तो दोन गोष्टी ओकायचा: कोणत्या गावात अळी वाढते त्याचा नकाशा, आणि कोणत्या सर्वेक्षकानं भेट दिली नाही त्याची यादी. यादीखाली माझी सही. वाचून करायची असते म्हणतात. मी छापताना करत असे.

ताई दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावरची. डी.एड. झालेली, नोकरी नाही, म्हणून हे काम धरलेलं. चार गावं तिच्याकडे. सगळ्या सर्वेक्षकांत तक्ता नीट भरणारी ही एकच. बाकीच्यांचे तक्ते पाहिले की जेवण जात नसे. तिचा मात्र वहीसारखा, स्वच्छ. एकच खोड: तक्त्याच्या पहिल्या ओळीत मधोमध ‘श्री’ लिहायची, आणि मग त्याखाली गाव, सापळा, पतंग असे रकाने. सुरुवातीला मी फोन करून म्हटलं, “ताई, कॉम्प्युटरच्या तक्त्यात श्री नका लिहू, तो गोंधळते.” ती म्हणाली, “वर काही न लिहिता सुरू कसं कराचं सर?” मी प्रोग्रामात एक ओळ घातली: या बाईंच्या तक्त्याची पहिली ओळ सोड, रकान्यांची नावं दुसऱ्या ओळीत आहेत. बिचारा महिनोन्महिने सोडत होता.

मग तीन आठवड्यांपासूनच ताईनं जाणं कसं बंद केलं? हा प्रश्न मला मंगळवारी, पतंगांची पूड शर्टावरून झटकताना पडला. तीन आठवडे आधी पडायला हवा होता.

मी तिचे आलेले तक्ते उघडले. सगळे होते. श्री होतं, गावं होती, आकडे होते. मग प्रोग्रामानं वाचल्यानंतर काय उरतं ते पाहिलं. प्रोग्रामानं श्री सोडलं होतं आणि त्याच्याखालची रकान्यांची ओळही सोडली होती. पहिल्या गावाचा आकडा रकान्याचं नाव समजून डोक्यावर घेतला होता, ‘गाव’ नावाचा रकाना कुठंच नाही म्हणून पुढचं सगळं फेकलं होतं आणि शांतपणे लिहिलं होतं: भेट नाही. ओळ मी लिहिलेली तीच. मग तक्ता वाचणारा बदलला कधी?

इथं आमच्या कॉम्प्युटरच्या पोटात उतरावं लागतं. नाकाला रुमाल लावून उतरा.

आम्ही आर नावाचा संख्याशास्त्राचा प्रोग्राम वापरत होतो. नुसता आर म्हणजे नुसती चूल. तवा, झारा, पातेलं, सगळं वरून आणावं लागतं. त्याला पॅकेज म्हणतात. तक्ता वाचायचं एक पॅकेज, नकाशा काढायचं दुसरं, तारखा समजायचं तिसरं. ही पॅकेजं ज्या फोल्डरात ठेवतात त्याला लायब्ररी म्हणतात. नावावरून कुणी शांतता, कपाटं, नंबर लावलेली पुस्तकं डोळ्यांसमोर आणू नयेत. आमच्या मशीनमध्ये अशा चार लायब्रऱ्या होत्या आणि चारही उकिरडे. येणाऱ्या प्रत्येक माणसानं आपला संसार वेगळ्या फोल्डरात थाटला आणि बदली झाल्यावर तसाच टाकून गेला. एकाचं नाव ‘नवीन’, दुसऱ्याचं ‘नवीन खरं’. तिसरं माझं; त्याचं नाव काय होतं ते सांगायला मला आजही लाज वाटते. नकाशाच्या पॅकेजच्या चार प्रती, चार वयांच्या. एका पॅकेजला चालायला दुसरं लागतं, दुसऱ्याला अजून पाच, आणि ते पाच भलत्याच फोल्डरात. डाळीत मीठ टाकायला दारव्ह्याहून उमरखेडला जाऊन यावं, तसा तो आर दर वेळी धापा टाकत फिरत असे. आणि कीबोर्डच्या फटींत आधीच्या तीन ऑपरेटरांच्या तंबाखू-खर्र्याची सुपारी. उलटा करून आपटला तर एकाची दुपार निघाली असती.

मग हे साफ कुणी केलं नाही काहून? तर बडे बाबू.

आमचे बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क, निवृत्तीला आलेले, आणि डेड स्टॉक रजिस्टरचे, म्हणजे ऑफिसातल्या टिकाऊ वस्तूंच्या वहीचे, मालक. सरकारी ऑफिसात खुर्चीचा पाय मोडला तरी ती खुर्ची मरत नाही. रजिस्टरात जिवंत राहते. तिला टाकायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव, तीन जणांची समिती, वरची मंजुरी. फार पूर्वी तपासणीला आलेल्या कुण्या अधिकाऱ्यानं विचारलं होतं, “या कॉम्प्युटरमध्ये काय काय आहे?” तेव्हाच्या साहेबांनी घाबरून सगळ्या पॅकेजांची यादी छापून दिली. बाबूंनी ती रजिस्टरात उतरवून घेतली. झालं. त्या दिवसापासून पॅकेजं कार्यालयाची मालमत्ता झाली. टेबल, खुर्ची, माठ, आणि त्याखाली तारखा समजायचं पॅकेज, नग एक. वस्तूवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकायची पद्धत होती. पॅकेजवर ब्रश चालेना म्हणून बाबूंनी सगळे नंबर मशीनच्या डब्यावर रंगवले. डबा तेराव्याच्या पत्रिकेसारखा दिसायचा. पॅकेज पुसायचा विषय काढला की बाबू म्हणत, “पुसा. मग रजिस्टरासमोर उभं राहून सांगा नग कुठं गेला ते.”

तर, वाचणारा कधी बदलला? आरला विचारता येतं की बाबा, हे पॅकेज तू उचललं कुठून. मी विचारलं. त्यानं चौथ्या फोल्डरचा पत्ता दिला, आणि त्या पत्त्यात नुकत्याच येऊन गेलेल्या एका पाहुण्याचं आडनाव होतं.

हा पाहुणा चार आठवड्यांपूर्वी विभागाकडून ‘प्रशिक्षण’ द्यायला आला होता. अत्तर लावून. दोन तास स्वतःबद्दल बोलला, आमच्या मशीनला हसला, म्हणाला, “तुमच्याकडे काहीच नाही. मी माझं सगळं टाकून देतो.” आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढून आपली आख्खी लायब्ररी, कॉलेजच्या काळात साठवलेली, बुरशी आलेली, आमच्या मशीनमध्ये ओतून गेला. दुसऱ्याच्या घरी येऊन आपलं उष्टं ताट त्यांच्या देवघरात ठेवावं तसं. वर आणखी एक केलं: आर सुरू होताना जी फाइल वाचतो तीत आपल्या फोल्डरचं नाव सगळ्यात आधी लिहिलं. आता आरचा स्वभाव असा की पॅकेज मागितलं की तो लायब्रऱ्या क्रमानं बघतो आणि पहिलं सापडेल ते उचलतो. पुढच्या फोल्डरात नवं, धडधाकट उभं असलं तरी मान वळवून बघत नाही. स्टँडवर पहिल्या काळी-पिवळी जीपमध्ये बसणारा माणूस असतो ना, तिला चाकं आहेत का तेही न बघणारा, तसा. पाहुण्याच्या प्रतीत तक्ता वाचायचं पॅकेज इतकं जुनं होतं की ‘एक ओळ सोड’ म्हटलं की ते कधी एक सोडी, कधी दोन. एक सोड असं सगळ्या तालुक्यात एकाच तक्त्यासाठी सांगितलेलं होतं. श्रीवाल्या.

पाहुण्याचा राग आला हे सोपं होतं. पण तो फोल्डर मी चार आठवडे रोज बघत होतो. मलाही उकिरड्याची सवय झाली होती, एक ढीग वाढला तर कळलंच नाही.

बुधवारी मी सगळ्या पॅकेजांची यादी काढली: नाव, व्हर्जन, कोणत्या फोल्डरात. कागद टेबलावरून उतरून दारापर्यंत गेला, आणि जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला असं मी सांगत असतो. दुबार, तिबार नावांवर लाल खुणा केल्या. इंटरनेट इतकं हळू होतं की नवं काही उतरवायचं नावच नको. चार उकिरड्यांतून जे धड आहे तेच वेचायचं होतं. वाचायच्या पॅकेजची बरी प्रत माझ्याच फोल्डरात निघाली. मी फाइलीत क्रम बदलला आणि ताईचा तक्ता पुन्हा वाचायला दिला. भेट नाही. पुन्हा दिला. भेट नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी आरला जे बोललो ते इथं लिहिता येत नाही. मग ध्यानात आलं, जुनं पॅकेज त्यानं सकाळीच तोंडात धरलेलं होतं. प्रोग्राम पूर्ण बंद करून उघडल्याशिवाय ते तो थुंकत नाही. बंद केला, उघडला. आता वाचायचं पॅकेज नवं आलं आणि नकाशाचं कोसळलं, कारण त्याला लागणारा एक सोबती पाहुण्याच्याच फोल्डरात होता. एक काढावं तर दुसरं लंगडं.

म्हणजे क्रम बदलून भागणार नव्हतं. एकच स्वच्छ फोल्डर हवा होता, त्यात प्रत्येकाची एकच प्रत, एकमेकांना चालणारी. आणि बाकीचं सगळं दूर.

गुरुवारी सकाळी मी बाबूंकडे गेलो. “बाबू, बरीचशी पॅकेजं पुसायची आहेत.”

“निर्लेखन समिती?”

“उद्या यादी चालली, बाबू. समिती दिवाळीपर्यंत नाही बसत.”

“मग पुढच्या दिवाळीला पुसू. मी काय पळून चाललो?”

मी त्यांना सगळं सांगितलं. पाहुणा, फोल्डर, ओळी. बाबूंचा चेहरा रजिस्टराच्या पुठ्ठ्यासारखा होता. शेवटी मी वैतागून म्हटलं, “सोप्यात सांगतो. बाईनं तक्त्याच्या वर श्री लिहिलं, म्हणून बाईचं नाव यादीत आलं.”

बाबूंनी चष्मा काढला. “श्री लिहिलं म्हणून?”

“हो.”

“दुसरं काही नाही?”

“दुसरं काही नाही.”

बाबूंनी रजिस्टर पुढे ओढलं, पान उलटलं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात श्री होतं, हे मी इतकी वर्षं पाहूनही पाहिलं नव्हतं. शेवटच्या अरुंद रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. “हे काय लिहिलं हाये?”

“वस्तूची जागा.”

“वस्तू नाही असं लिहाले समिती लागते. वस्तू दुसऱ्या खोलीत ठेवली असं लिहाले माही सही पुरते.” मग खालच्या आवाजात, “हलवून टाक लेका. पुसू नको.”

असा तोडगा जगातल्या कुठल्याही संख्याशास्त्रज्ञाला सुचला नसता. मी मशीनमध्ये एक फोल्डर केला, नाव ठेवलं ‘भंगार खोली’, आणि चारही उकिरडे त्यात ढकलले. आरला त्या खोलीचा पत्ताच दिला नाही. दुसरा फोल्डर केला, ‘चालू’. वेचलेली एकेक प्रत त्यात ठेवली, एकेकाला सुरू करून पाहिलं, जे लंगडलं त्याचा सोबती भंगारातून उचलून आणला. सुरुवातीच्या फाइलीत एकच ओळ उरली. बाबू शेजारी स्टूल घेऊन बसले होते. मी नाव म्हणायचं, ते टिक करून ‘भं. खो.’ लिहायचे. दुपारी त्यांनी स्वतःचा डबाही मला दिला, आणि हा माणूस डबा देतो हे सांगितलं तर दारव्ह्यात कुणी विश्वास ठेवत नाही.

चार वाजता ताईचे तीन आठवडे परत आले. चारही गावं, प्रत्येक सापळा, प्रत्येक भेट. नुसते आले नाहीत. नकाशावर तिची चार गावं लालभडक झाली. तालुक्यात सगळ्यात जास्त पतंग तिथं पडत होते, आणि आम्ही तीन आठवडे तो कोपरा पांढरा छापत होतो. शेतकऱ्यांना मेसेज जात होते: तुमच्याकडे शांतता आहे.

मी दोन्ही कागद साहेबांच्या पुढे ठेवले, जुनी यादी आणि नवी. त्यांनी नवी वाचली. मिशीवरून हात फिरवला. आता म्हणतील, मी वाट पाहिली. माफी नाही तर निदान अरेरे.

“बरं,” साहेब म्हणाले. “कॉम्प्युटरची चूक.”

“पाहुण्यांच्या पॅकेजची. आणि माझी. मी न बघता सही केली.”

“ते लिहू नका. तांत्रिक अडचण लिहा. आणि त्या बाईंना सोमवारच्या मीटिंगला बोलवा. सगळ्यांसमोर सांगून टाकू, की आमच्या ऑफिसनं तपासून त्यांना न्याय दिला.”

न्याय दिला म्हणे. मी खाली जाऊन पायरीवर थुंकलो. खर्रा खात नव्हतो तरी.

शुक्रवारी यादी तिच्या नावाशिवाय गेली. शनिवारी मी काळी-पिवळीनं तांड्याच्या फाट्यावर उतरलो. जीपमध्ये मी, बावीस माणसं, दोन शेळ्या आणि एका नवरीची पेटी, हे सगळे साक्षीदार आहेत. फाट्यापासून चालत वावरात गेलो. ताई तिथंच होती, साहेबांनी जाऊ नका म्हटलेल्या सापळ्यापाशी. धुऱ्याच्या बांधावर तिची म्हातारी आई वही धरून बसली होती. “याडी, सरले पाणी दे,” ताई म्हणाली आणि पिशवीची गाठ सोडू लागली.

मी सांगायला सुरुवात केली, आणि मला सांगता येतं हे तुम्ही पाहतच आहात. पाहुण्याच्या पेन ड्राइव्हला मी विळ्याएवढं केलं. चार लायब्रऱ्यांचे चार राक्षस केले. बाबूंना तर मी डबा देताना रडवलंच. याडी हसली. ताई पतंग फडक्यावर पालथे करून काडीनं मोजत होती. मोजणी झाली की वहीत लिहीत होती. गेल्या मंगळवारनंतरची पानंही भरलेली होती.

सहीचं सांगायचं मी ठरवून आलो होतो. बोलता बोलता ते राक्षसांच्या मागे राहून गेलं. मी शेवटाकडे आलो.

“तर ताई, नाव सुटलं तुमचं. साहेबांनी सोमवारी बोलावलं आहे, अकरा वाजता. सगळ्यांसमोर सांगणार आहेत.”

तिनं रिकामी पिशवी झटकली, सापळ्याला पुन्हा लावली आणि गाठ मारली.

“सोमवारी नाही जमत सर,” ती म्हणाली. “सोमवारी ल्यूर बदलाच्या हायेत.”